सहाव्या रॅकमधला कोहळा

१

निशिगंधाची सकाळ ठरलेली असे. पाचला उठायचं, अंघोळ, देवपूजा, चहा, नाष्टा. साडेनऊला उदयसिंह स्कूटरला किक मारून गेला की केसांना पंचा गुंडाळून ती कॉम्प्युटरपुढं बसे. बसण्याआधी कीबोर्डाला हात लावून तो हात कपाळाला लावी. उदयसिंह हसायचा. म्हणायचा, "त्येला बी हळदीकुंकू लाव की." तिनं लावलेलंच होतं. मॉनिटरच्या पाठीमागं, त्याला दिसू नये म्हणून.

तो केबलिंगची कामं घ्यायचा. त्या साली, म्हणजे दोन हजार पाचला, पंचगंगेचं पाणी शाहूपुरीपर्यंत आलं आणि एका सहकारी बँकेच्या तळमजल्यावरचे सगळे कॉम्प्युटर गाळात गेले. बँकेनं कानाला खडा लावला. नवी सर्व्हर रूम दुसऱ्या मजल्यावर करायची, सहा रॅक बसवायचे आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करायची, असं ठरलं. ते काम उदयसिंहला मिळालं. एवढं मोठं काम पहिलंच. निशिगंधानं जोतिबाला पेढे ठेवले.

रॅक म्हणजे माणसापेक्षा उंच लोखंडी कपाट. आत बेचाळीस खण. कंपनीवाले खणाला 'यू' म्हणत, ती 'घर' म्हणे. कुठल्या घरात कुठलं यंत्र बसणार, त्याची वायर कुठून कुठं जाणार, किती मीटर लागणार, हे सगळं आधी सॉफ्टवेअरमध्ये आखायचं. उदयसिंह दिवसभर टेपनं मापं घेऊन डायरीत खरडून आणायचा. दुसऱ्या दिवशी ती एकेक चौकोन ओढून रॅक भरायची. भरून झालं की सॉफ्टवेअर खाली बेरीज दाखवी: वजन इतकं, केबल इतकी. मग प्रिंट काढून दुपारी एकला डब्याबरोबर ती स्वतःच साइटवर नेऊन द्यायची. एमएससीआयटीच्या वर्गात ती पहिली आली होती, पण हे काम तिला जमलं ते त्या वर्गामुळं नाही. फडताळात बरण्या कशा लावायच्या हे जिला कळतं तिला रॅकही कळतो. जड खाली, हलकं वर.

"तुझ्या देव्हाऱ्यापेक्षा नीट लावतीस," उदयसिंह म्हणायचा.

"देव्हाराच तो. त्यावर पोट आहे आपलं."

एकदा डबा उघडता उघडता तिनं विचारलं, "खोलीची वास्तुशांत कधी आहे हो?"

"वास्तुशांत? गणपतराव म्हणत्यात, उदबत्ती लावली तरी छतातली घंटी बोंबलती. पाण्याचा तांब्यासुद्धा दाराच्या आत न्यायचा न्हाय."

गणपतराव म्हणजे बँकेचे मॅनेजर. जवळच भाकरी मोडत बसलेला आकाराम, त्यांचा जुना वायरमन, मान हलवत म्हणाला, "वैनी, मग कोहळा तरी कापाय पायजे. नवी जागा उपाशी ठेवू ने. आपण दिलं न्हाय तर ती आपल्या हातानं घेती."

"गप जेव की मर्दा," उदयसिंह म्हणाला.

पण निशिगंधाच्या मनात ते रुतून बसलं. बकऱ्याच्या जागी कोहळा द्यायचा ही रीत तिनं माहेरी पाहिली होती. ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फुटतो आणि त्याच्या तुकड्यासाठी माणसं एकमेकांना तुडवतात, तेही लहानपणापासून बघितलेलं. खोलीत पाणी नको, विळा नको, काही नको. मग करायचं काय?

दुसऱ्या दिवशी पूजा करताना तिला सुचलं. आजारी माणसानं अंथरुणावर पडून मानसपूजा केली तर देव घेतो की. सुपारी ठेवून गणपती म्हटलं तर गणपती होतो. मग नकाशातला कोहळा का चालू नये?

सहाव्या रॅकच्या तळाला बॅटऱ्या होत्या. त्या तिनं दहा घरं वर सरकवल्या आणि खाली मोकळ्या झालेल्या जागेत एक चौकोन ओढला. नाव म्हणून इंग्रजी अक्षरांत 'कोहळा' लिहिलं. वजन: चार किलो. मग हात जोडले. म्हणाली, हा तुझा. आमच्या माणसांना सांभाळ.

उदयसिंहनं प्रिंट बघून विचारलं, "हे काय मधीच?"

"राखीव म्हणून सांगा."

गणपतराव तर खूशच झाले. "पुढं वाढवायला जागा ठेवली, हे बरं केलंत."

२

गौरी-गणपतीचे दिवस होते. तिनं दोन दिवस कॉम्प्युटर लावला नाही. तिसऱ्या दिवशी फाईल उघडली तर सहाव्या रॅकची बेरीज चुकत होती. अडुसष्ट किलो जास्त.

एकेक चौकोन तपासत ती तळाशी आली. कोहळा: बहात्तर किलो.

बोट घसरलं असेल. तिनं पुसून चार केलं आणि फाईल जतन केली. मग तिला दिसलं की त्या चौकोनाला एक केबल जोडलेली आहे. लाल. त्यांच्या कामात निळी आणि पिवळी अशा दोनच केबली होत्या. लाल रंग तिनं कधी निवडलाच नव्हता. केबल चौकोनातून निघून खाली जात होती, फरशीच्या रेघेच्या खाली, आणि कागदाच्या कडेला संपत होती. दुसरं टोक कुठं, त्या रकान्यात काहीच नव्हतं.

तिनं ती काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबल परत होती. वजन बहात्तर.

"जुनं मशीन हाय ते," उदयसिंह शर्टाची बटणं लावत म्हणाला. "आणि सीडी कुठली, तर पुण्याच्या फूटपाथवरची. चालालंय तेवढं गोड मानून घ्यायचं."

तिनं गोड मानून घेतलं. रोज सकाळी बहात्तर पुसायचं आणि चार लिहायचं, हा दिवा लावण्यासारखा नेम होऊन बसला.

३

गणपती गेल्यावर दोन दिवसांनी आकाराम घरी जेवायला आला. येताना बायकोनं, चिमणाबाईनं, दिलेली वाटाण्याची उसळ डब्यातून घेऊन आला. माणूस जेवायचा मन लावून, बोलायचा त्याहून.

"वैनी, परवा बँकेच्या गोदामात तांब्याची भंगार वायर वजन कराय काटा आणलता. म्हटलं, आपण बी बसावं. हे मालक चौसष्ट भरले. गणपतराव एक्क्याण्णव! काटाच बोंबलाय लागला."

"आणि तू?" उदयसिंहनं विचारलं. "सांग की."

"मी आपला बहात्तर. चिमणाबाईच्या हातची किरपा."

निशिगंधाच्या हातातली पळी आमटीतच राहिली.

"काय झालं वैनी?"

"काही नाही." तिनं आमटी वाढली. "आकारामभावजी, उद्या एक दिवस सुट्टी घ्या."

"का वो?"

काय सांगणार? नकाशातल्या कोहळ्याचं वजन तुमच्याएवढं झालंय म्हणून? जगात बहात्तर किलोची माणसं काय कमी आहेत? गव्हाचं पोतंसुद्धा कधी बहात्तर भरतं.

"अमावस्या जवळ आलीय," ती म्हणाली.

"अजून बारा दिस हायत!" दोघंही हसले. आकाराम हात धुऊन उठला आणि जाताना म्हणाला, "वैनींच्या उपासानंच आमचं समदं नीट चाललंय. सुट्टी कशाला पायजे?"

४

दुसऱ्या दिवशी एकला ती डबा घेऊन बँकेच्या जिन्यावर होती, तेव्हा वरून आवाज आला. आधी फरशी फुटल्यासारखा, मग लोखंडाचा, आणि मग माणसाचा. तो एकदाच.

सर्व्हर रूमच्या काचेच्या दारातून तिनं बघितलं. सहावा रॅक आडवा पडला होता. त्याच्याखालच्या, वायरींसाठी जमिनीवर उचलून बसवलेल्या, दोन फरशा खचल्या होत्या. वरच्या घरातल्या बॅटऱ्या पत्रा फाडून बाहेर आल्या होत्या आणि त्यांचं आम्ल फरशीवर फसफसत होतं. उदयसिंह रॅकची कड दोन्ही हातांनी धरून वर ओढत होता. पत्र्यानं त्याचे तळहात चिरले होते आणि रक्त कोपरापर्यंत आलं होतं, पण त्याला त्याचं भान नव्हतं. "आकाराम! लेका, बोल की! बोल!"

आकाराम दिसत नव्हता.

चौघांनी मिळून रॅक उचलला. तेव्हा कळलं की तो खाली नव्हताच, आत होता. तळाच्या त्या दहा घरांत. दीड फूट उंच आणि हातभर रुंद जागेत बहात्तर किलोचा माणूस दुमडून बसवला होता. गुडघे छातीतून आत गेलेले, मान पाठीमागं वळून तोंड पाठीकडं. एक हात बाहेर होता. त्याची बोटं अजून हलत होती, पेचकस फिरवावा तशी.

"पडताना आत ओढला गेला," पोलीस पंचनाम्यात म्हणाले. "वजन वर आणि खालती पोकळ. रॅक कलंडणारच. नकाशा कुणी काढला?"

निशिगंधानं तोंड उघडलं.

"मी," उदयसिंह म्हणाला. त्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "नट बी मीच आवळलेत. चूक माझी हाय."

डबा तिच्या हातात तसाच होता. त्यातल्या चारांपैकी दोन भाकऱ्या आकारामच्या होत्या.

५

दहाव्यापर्यंत काम बंद होतं. आकाराम गेल्याच्या दोन दिवसांनी चिमणाबाईपुढं बसून निशिगंधा सगळं सांगायला गेली, आणि चिमणाबाईच तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "बाई, तुमी एक दिस ऱ्हावा म्हनलासा. त्येनी आयकलं न्हाय." सांगायचं तसंच राहिलं; ती चिमणाबाईची पाठ थोपटत बसली.

घरी येऊन तिनं फाईल उघडली. उघडायची नव्हती, पण दहावं झालं की उदयसिंहला परत काम सुरू करायचं होतं आणि बॅटऱ्या खाली आणायच्या होत्या.

कोहळा: शून्य किलो.

तिला रडू फुटलं, आणि लाज वाटावी असा एक सुस्काराही आला. घेतलं. जे घ्यायचं ते घेतलं. आता संपलं. तिनं चौकोन निवडून पुसायचं बटण दाबलं. सॉफ्टवेअर म्हणालं, आधी जोडणी सोडवा. तिनं लाल केबल काढली. परत पुसायला गेली. आधी जोडणी सोडवा. केबल परत आलेली. असं ती दुपारपर्यंत करत राहिली. शेवटी कॉम्प्युटरचा प्लगच भिंतीतून उपसला.

दुसऱ्या दिवशी वजन होतं अकरा. तिसऱ्या दिवशी तेवीस.

पोतं भरत जावं तसं ते चढत होतं. ती रोज पुसून चार लिही आणि तो आकडा रात्रीतून आपला रस्ता धरी. पितृपक्ष चालू होता. कावळ्याला घास ठेवताना ती आकारामचं नाव घ्यायची आणि म्हणायची, भावजी, तुम्ही तरी सांगा हो त्याला.

एकेचाळीस. अठ्ठेचाळीस. ती स्वतः एकोणपन्नास होती. त्या सकाळी तिनं न्हाऊन नवी साडी नेसली, फाईल उघडली आणि हात जोडले. इथं थांब. मी येते.

दुसऱ्या दिवशी बावन्न.

६

घट बसले त्या दिवशी आकडा चौसष्ट झाला. दुसऱ्या दिवशीही चौसष्ट. आता तो चढत नव्हता.

तिनं उदयसिंहला सगळं सांगितलं. कोहळ्याचं, बॅटऱ्यांचं, लाल केबलीचं. तो खाली बघून ऐकत होता. तळहातांवरच्या पट्ट्या नुकत्याच निघाल्या होत्या. दोन्ही हातांवर आडव्या, जांभळ्या, वर आलेल्या खुणा होत्या.

"बॅटऱ्या तू वर काढल्यास?"

"हो."

"आणि मी बघितलं न्हाय. बघायचं काम माझं हुतं." तो उठला. "निशा, हे असलं काय मनात घेऊ नगंस. मानूस माझ्या चुकीनं गेला. त्याच्या घरात मी काय तोंड दाखवू? काम सोडून पळून गेलो म्हणून?"

"चौसष्ट तुमचं वजन आहे."

"त्या दिशी आकारामनं सांगितलेलं तूच टाकलं असशील फाईलीत. मशीन हाय ते, देव न्हाय."

मग तिनं तिला येत होतं ते केलं. "यंदा माझ्याबरोबर नवरात्राचे उपास धरा," म्हणाली. त्यानं एवढं ऐकलं. तीन दिवस शेंगदाणे, रताळं आणि ताक. पंचमीच्या सकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या पोत्याच्या काट्यावर तिनं त्याला उभं केलं. दुकानदार म्हणाला, "पावणं, वाळलासा की! बासष्ट."

ती घरी पळाली. पंचा न गुंडाळता, कीबोर्डाला हात न लावता तिनं फाईल उघडली.

बासष्ट.

मागून तो आत आला आणि खांद्यावरून वाकून त्यानंही बघितलं. मग चावी घेतली. "आजच बॅटऱ्या खाली बसवतो. ती जागा भरली की तुझ्या मनातलं बी जाईल."

"आज नको. तुमच्या पाया पडते."

"मग कवा?"

ती त्याच्या स्कूटरपुढं उभी राहिली. त्यानं तिला हातानं बाजूला केलं, हळूच, दारातली कुंडी सरकवावी तसं.

७

तिनं देव्हाऱ्यापुढं पदर पसरला. "जोतिबा, ह्यांना घरी आण. ह्यांच्या वजनाइतका गूळ तोलीन तुझ्या दारात." मग आणखी एक गोष्ट तिला सुचली, आणि इतके दिवस का सुचली नाही याचं नवल वाटलं. तिनं कोहळा कागदावर दिला होता. कागदावरचं जेवण कुणाचं पोट भरतं? जे कबूल केलं ते दिलंच नाही, म्हणून तर तो हातानं घेतोय.

मंडईत तिनं कोहळा घेतला. पांढरी भुकटी धरलेला, जुना, घट्ट. भाजीवाल्या धोंडुबाईनं तोलला. बरोबर चार किलो. घरातला कोयता पिशवीत घातला, कुंकवाची पुडी कंबरेला खोचली आणि रिक्षा केली. सगळं गाव टेंबलाईकडं लोटलं होतं. तिची रिक्षा एकटी उलटी चालली होती.

बँकेत अर्धी सुट्टी होती. गणपतराव खाली होते. "वर हायत. या की वैनी. प्रसाद आणला काय?"

सर्व्हर रूम थंडगार होती. पाच रॅकचे हिरवे दिवे लुकलुकत होते आणि पंख्यांचा आवाज एकसारखा, माश्या घोंगावाव्यात तसा. दुरुस्त करून परत उभ्या केलेल्या सहाव्या रॅकच्या तळातून उदयसिंहचे पाय बाहेर आले होते, गुडघ्यापर्यंत. पोटावर झोपून तो आत काही आवळत असणार.

"अहो."

पाय हलले.

फरशीच्या फटीतून एक लाल केबल वर आली होती आणि त्याच्या अंगाशेजारून आत गेली होती. दाव्याला ओढ लागावी तशी ताठ. ती बघत असतानाच पाय वीतभर आत गेले.

"निशा!" आवाज आतून, कोंडलेला. "ओढ! पाय ओढ!"

तिनं पिशवी टाकली आणि त्याचे घोटे धरले. टाच रॅकला लावून सगळा जीव एकवटून ओढलं. पत्र्याची धार त्याच्या नडगीत घुसली, कातडं सोलत गेलं, तिचे हात रक्तानं निसटायला लागले. आत काहीतरी कडकन मोडलं. मग परत. गुऱ्हाळात चरकाला ऊस लागल्यावर जसा आपोआप आत जातो, पिळत, फुटत, तसा तिचा नवरा आत जात होता, आणि तो ओरडत होता, आणि पंख्यांचा आवाज जराही बदलत नव्हता.

घोटे सुटले.

तिनं कोहळा उचलून रॅकच्या तोंडाशी ठेवला. कुंकवाची पुडी फोडून त्यावर ओतली. कोयता दोन्ही हातांनी धरला. कोहळा कापताना बघायचं नसतं, हे तिला आईनं शिकवलं होतं. बळी दिसला की हात अडतो. तिनं डोळे मिटले.

"अंबाबाईच्या नावानं उदो!"

पाच घाव. तिनं मोजले. पहिला बसला तेव्हाच तिला वाटलं की कोहळ्याची साल इतकी मऊ नसते. पण व्रत अर्ध्यावर सोडायचं नसतं. दुसऱ्या घावाला ओरडणं थांबलं. तिसऱ्याला कोयता कशात तरी अडकला, तो हिसडून काढावा लागला. चौथ्याला तिच्या तोंडावर काहीतरी ऊन उडालं. पाचवा खालच्या पत्र्यावर वाजला.

"बास झालं की गं," मागून उदयसिंह म्हणाला.

ती वळली. तो दाराजवळ उभा होता. शर्ट स्वच्छ, पाय धड. चेहऱ्यावर आणि हातांवर पांढरी भुकटी, प्लॅस्टरची असावी तशी. तो हसत होता, दमलेल्या माणसासारखा.

तिनं त्याला चाचपलं. नडगी बघितली. साधा ओरखडाही नव्हता. "आई अंबाबाई," ती म्हणाली, "आई, आई," आणि तिथंच खाली बसली.

बसली म्हणून तिला रॅकच्या आतलं दिसलं. कोहळा कुठंच नव्हता. अंधारात एक हात उताणा पडला होता. तळहातावर पत्र्यानं कापल्याची आडवी, जांभळी, वर आलेली खूण होती.

तिनं फक्त एकदाच बघितलं.

"ते झाकण लावून टाक," उदयसिंह म्हणाला. "बॅटऱ्या भिंतीकडंच्या स्टँडवर ठेवू. खालचं ऱ्हाऊ दे राखीव."

पेचकस त्यानंच तिच्या हातात दिला. देताना त्याचा तळहात तिला दिसला. गुळगुळीत होता. तिनं काळी पट्टी रॅकच्या तोंडाशी धरली आणि चारही स्क्रू घट्ट आवळले. नकाशात तसंच होतं. मग पदर ओला करून फरशी पुसली.

गणपतराव वर आले तेव्हा म्हणाले, "अरे वा! झालं की. वैनी, हे कुंकू का सांडलंय हो एवढं?"

८

दसऱ्याला खोली सुरू झाली. वास आला, असं कुणी कधी म्हणालं नाही. निशिगंधानं एकदाच फाईल उघडली. कोहळा: बासष्ट किलो. लाल केबल नव्हती. दुसऱ्या दिवशीही बासष्ट. आकडा बसला होता. तिनं कॉम्प्युटरवर कापड टाकलं.

उदयसिंह घरी होता, जेवत होता, हसत होता. चिमणाबाईकडं जाऊन तिच्या पायाही पडून आला. पूर्वीपेक्षा कमी बोलायचा, पण एवढं सोसल्यावर माणूस बदलतोच. अंगावरची पांढरी भुकटी मात्र जात नव्हती. साबण लावून ती त्याची पाठ घासायची, आणि अंग वाळलं की भुकटी परत धरायची. उन्हातून आला की त्याला घाम येत नसे. जिन्यावर त्याच्या पावलांचा आवाज येत नसे. रात्री कूस बदलली तर गादी दबत नसे. ती त्याच्या छातीवर हात ठेवून झोपायची. आत काहीतरी होतं, गार आणि ओलसर, पण होतं. देवानं दिलेलं तपासून बघू नये, असं ती स्वतःला सांगायची.

नवस राहिला होता. दसऱ्यानंतरच्या रविवारी दोघं जोतिबाच्या डोंगरावर गेले. बरोबर तीस-तीस किलोचे दोन गुळाचे रवे, अख्ख्या ढेपाच, आणि वर दोन किलोची पिशवी. मंडपात तीन वाशांच्या तिकाटण्याला मोठा तराजू टांगला होता. आणखी नवसाची माणसं रांगेत होती, गुलालानं लाल झालेली. उदयसिंह एका पारड्यात मांडी घालून बसला. पारडं जरासं हललं, इतकंच.

पुजाऱ्याच्या माणसानं दुसऱ्या पारड्यात आधी देवळातला सुटा गूळ टाकला, किलोकिलोची ढेकळं, अंदाज घ्यायला. एक, दोन, तीन.

चौथं टाकलं, आणि उदयसिंहचं पारडं वर उचललं गेलं.

त्या माणसाचा हात थांबला. त्यानं तराजूच्या दांडीकडं बघितलं, दोरीकडं बघितलं. "काटा अडाकला काय?"

उदयसिंह वर अधांतरी बसून तिच्याकडं बघत हसत होता. "हलका झालोय गं मी," म्हणाला.

रांगेतली माणसं पुढं सरकत होती, माना वर करत होती. निशिगंधानं चपला आधीच काढलेल्या होत्या. तिनं त्याचं पारडं खाली ओढलं आणि पदर सावरून त्यात त्याच्या शेजारी बसली, त्याच्या कंबरेला हात घालून.

"आमचा जोडीनं नवस आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "घाला गूळ."

"अगं बया! जोडीनं तुळा!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. "वैनी, धरून बसा मालकांस्नी!" गुलाल उधळला. पुढं एक रवा चढला, मग फोडलेल्या दुसऱ्याचे तुकडे, मग सुटा गूळ. पारडी बरोबरीला आली. पुजाऱ्याच्या माणसानं हात वर केला. "त्रेपन्न!"

एकोणपन्नास ती स्वतः होती. उरलेल्याचा हिशोब तिनं मनात केला नाही, तो आपोआप झाला.

"चांगभलं!" लोक म्हणाले.

"भरला न्हवं का नवस?" उदयसिंहनं तिच्या कानाशी विचारलं. त्याच्या श्वासाला कोवळ्या, नुकत्या चिरलेल्या भाजीचा वास होता.

"भरला," ती म्हणाली. डोंगरावर वारं सुटलं होतं. पारड्यातून उतरताना तिनं त्याचा हात दोन्ही हातांनी धरला, आणि पायऱ्या उतरून खाली येईपर्यंत सोडला नाही.